युद्धाच्या बातम्या, पडता बाजार आणि आखातातल्या पगारावर चालणारं घर

१३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि त्याच दिवशी कच्चं तेल सात टक्क्यांच्या आसपास महागलं. दहा दिवसांनी, २३ जूनला, इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली तेव्हा कतारसह आखातातल्या काही देशांनी आपलं आकाश तेवढ्यापुरतं बंद केलं. विमानं अडकली, फोन सुरू झाले. अशा वेळी आपल्या घरांत पहिला प्रश्न असतो, "आपला माणूस बरा आहे ना?" दुसरा जरा वेळाने येतो. "आता पैशांचं काय? एसआयपी बंद करायची का? काढून घ्यायचे का?"

या दुसऱ्या प्रश्नावर मराठीत भरपूर लिहिलं जातं, पण ते बहुतेक अशा घरासाठी असतं ज्याचा पगार इथेच मिळतो आणि ज्याला एफडीचं व्याज चालतं. आपल्यातल्या पुष्कळ घरांत या दोन्ही गोष्टी नसतात. पगार दुबई, कुवेत, दम्मामहून येतो आणि व्याज टाळायचं असतं. त्यामुळे गणित बदलतं, आणि ते कुठे बदलतं हे समजून घेतल्याशिवाय दुसऱ्याचा सल्ला उचलणं धोक्याचं आहे.

आधी पगाराचा धोका मोजा

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या रकमेपैकी सुमारे ३८ टक्के आखाती देशांतून आली. एकट्या संयुक्त अरब अमिरातीचा वाटा १९.२ टक्के होता. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला, २०.५ टक्के. यात मुंबईतल्या बँकांमुळे फुगलेला आकडाही असेल, तरी रायगड, रत्नागिरीतल्या किती गावांची चूल या पैशावर पेटते हे सांगायला पाहणी लागत नाही.

शेअर बाजार पडला की माणूस घाबरतो, कारण तिथे रोज भाव दिसतो. पगाराचा भाव रोज दिसत नाही. पण आखातातल्या कुटुंबाची सगळ्यात मोठी "गुंतवणूक" म्हणजे ती नोकरीच आहे, आणि भूराजकीय धोका सर्वांत आधी तिच्यावरच येतो.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. जुन्या माणसांना हे आजही काल घडल्यासारखं आठवतं. बँका बंद पडल्या आणि इराकने कुवेती दिनारच रद्द करून टाकला. वीस-वीस वर्षं तिथे राहिलेली माणसं एका बॅगेनिशी जॉर्डनमधल्या अम्मानपर्यंत पोहोचली आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी घरी आली. दोनेक महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परत आणले गेले. ज्यांची नोकरी तिथे, बचत तिथल्या बँकेत, फर्निचर-गाडी तिथे आणि मालकाकडे राहिलेले पगारही तिथेच, त्यांचं सगळं एकाच दिवशी अडकलं. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून नंतर अनेकांना भरपाई मिळाली, पण ती वर्षांनंतर. मुलीचं लग्न आणि मुलाची फी त्यासाठी थांबत नाही.

गोष्ट तिथेच थांबली नाही. तेल महागलं, आखातातून येणारा पैसा आटला, आणि भारताकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं. सरकारला सुमारे ४७ टन सोनं परदेशी गहाण ठेवावं लागलं. जुलै १९९१ च्या पहिल्या तीन दिवसांत रुपया दोनदा उतरवला गेला, डॉलर २१ रुपयांवरून २६ च्या जवळ गेला. म्हणजे ज्यांची थोडी तरी बचत दुसऱ्या एखाद्या आखाती देशात, दिरहममध्ये किंवा रियालमध्ये सुरक्षित होती, त्यांना रुपयांत जास्त मिळाले. ज्यांचं घरी सोनं होतं त्यांचंही निभावलं.

यातून एक साधी रचना निघते. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे (३.६७२५), रियाल १९८६ पासून (३.७५). भारत आपल्या गरजेचं ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो, त्यामुळे तेल भडकलं की रुपयावर ताण येतो आणि तुमच्या दिरहमला इथे जास्त रुपये मिळतात. म्हणजे रुपया पडण्याचा धोका तुमचा पगारच सांभाळतो. त्यासाठी आणखी डॉलरमधली गुंतवणूक शोधत बसायची गरज नाही. पण नोकरी जाण्याचा, देश सोडावा लागण्याचा धोका पगार सांभाळत नाही. म्हणून बचत आखाताच्या बाहेर हवी. दुबईत नोकरी, दुबईच्या बँकेत शिल्लक आणि हप्त्यावर घेतलेला दुबईचाच फ्लॅट, हा सगळा भार एकाच खांबावर दिलेला आहे. जाहिरातीत भाड्याचं उत्पन्न कितीही छान दिसो.

ग्रॅच्युइटीबद्दलही एक गैरसमज आहे. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा आणि पुढे ३० दिवसांचा मूळ पगार धरतात. मूळ पगार म्हणजे बेसिक. भत्ते त्यात नाहीत. बरेच जण हीच रक्कम अडीअडचणीची म्हणून मनात धरून चालतात. पण जेव्हा कंपनीच अडचणीत येते तेव्हा ही रक्कमही लांबते. ती हातात येईपर्यंत हिशेबात घेऊ नका.

एफडीशिवाय उशी कशी भरायची

सर्वसाधारण सल्ला असतो: काही पैसे शेअरमध्ये, बाकी एफडीत किंवा रोख्यांत, बाजार पडला तर एफडीवर दिवस काढा. आपल्यासाठी या सल्ल्याचा अर्धा भाग गळून पडतो. एफडी, रोखे, लिक्विड फंड, डेट फंड, हे सगळं व्याजावरच चालतं. मग होतं काय, की काही जण सगळे पैसे घरात आणि जमिनीत घालतात आणि काही जण सगळे शेअरमध्ये. दोन्हींत मधली उशी नाही. बाजार पडतो आणि त्याच महिन्यात नोकरी जाते. मग पडलेल्या भावात विकावं लागतं. खरा तोटा इथे होतो, बाजार पडण्यात नाही.

म्हणून व्याज टाळणाऱ्या घराची रोख शिल्लक इतरांपेक्षा मोठी हवी. बाहेरचे सल्लागार सहा महिन्यांचा खर्च सांगतात. आखाताच्या एकाच पगारावर चालणाऱ्या घराने माझ्या मते बारा महिन्यांचा धरावा. घरखर्च महिना ३५,००० असेल तर ४ लाख २० हजार. ऐकायला जास्त वाटतं. पण परत आलेल्या माणसाला इथे काम मिळायला, नाहीतर दुसरा व्हिसा व्हायला वर्ष सहज जातं, हे ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा.

ही रक्कम भारतातल्या बँकेत ठेवा: चालू खात्यात, किंवा बचत खात्यात. बचत खात्यावर जमा होणारं व्याज बहुतेक आलिम वेगळं काढून, सवाबची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकायला सांगतात. एका बँकेत ५ लाखांपर्यंतच ठेवविमा आहे, हे लक्षात असू द्या. २०१९ मध्ये पीएमसी सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा लोकांना स्वतःच्याच खात्यातून पैसे काढता येईनात. तेव्हा ही मर्यादा १ लाखच होती. फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. रक्कम मोठी असेल तर दोन बँकांत विभागा. आणि खातं असं असू द्या की घरातल्या बाईला ते चालवता येईल. नवरा विमानतळावर अडकलेला असताना ओटीपी त्याच्या परदेशी नंबरवर जातोय, असं व्हायला नको.

महागाईत ही रोकड थोडी थोडी झिजते, हे खरं. निवांतपणाची किंमत समजा ती.

बाजार किती पडतो आणि किती दिवस

बातम्यांत अंक सांगतात आणि अंक भीती घालतात. टक्के बघायची सवय लावा. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, सेन्सेक्स २,७०२ अंकांनी, म्हणजे ४.७ टक्के पडला. ७ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांच्या आयातशुल्कामुळे २,२२६ अंक, जवळपास ३ टक्के. २३ मार्च २०२०, करोनाची टाळेबंदी: ३,९३४ अंक, पण ते होते १३ टक्के. अंकांत फार फरक दिसत नाही, मात्र मार कितीतरी मोठा होता.

युद्ध आपल्या दारात असलं तरी बाजार अपेक्षेप्रमाणे वागतोच असं नाही. कारगिलची लढाई संपत आली तेव्हा सेन्सेक्स सुरुवातीपेक्षा वर होता. मे २०२५ मधलं उदाहरण तर ताजं आहे. भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना शुक्रवारी, ९ मे रोजी, सेन्सेक्स ८८० अंकांनी उतरला. शनिवारी शस्त्रसंधी झाली आणि सोमवारी तो २,९७५ अंकांनी चढला. शुक्रवारी घाबरून विकणाऱ्याला सोमवारी तोच शेअर महाग घ्यावा लागला. शनिवारी काय होणार हे कोणाला माहीत होतं? टीव्हीवरच्या कोणालाच नाही.

पण यावरून "बाजार नेहमी लगेच सावरतो" असं कोणी सांगितलं तर तेही अर्धवट आहे. २०२० ची घसरण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत भरून निघाली. २००८ ची नाही. जानेवारी २००८ मध्ये २१,००० गाठलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरमध्ये ८,००० च्या खाली जाऊन आला. २१,००० पुन्हा दिसला नोव्हेंबर २०१० मध्ये, लगेच निसटला, आणि मग २०१३ च्या शेवटी कुठे पक्का झाला. जवळपास सहा वर्षं. म्हणून पाच-सात वर्षांत लागणारा पैसा, हजचा, लग्नाचा, मेडिकलच्या फीचा, शेअरमध्ये ठेवू नये.

दर महिन्याला थोडं घालत राहणाऱ्याचं गणित मात्र वेगळं पडतं. समजा महिना ५,००० चार वेळा घातले आणि युनिटचा भाव होता १००, मग ८०, मग ५०, मग पुन्हा ८०. युनिट मिळाले ५०, साडेबासष्ट, १०० आणि साडेबासष्ट, एकूण २७५. घातले २०,०००, शेवटच्या ८० च्या भावाने झाले २२,०००. भाव अजून सुरुवातीपेक्षा खाली आहे आणि तरी २,००० वर. सगळ्यात जास्त युनिट मिळाले ते ५० च्या महिन्यात, म्हणजे ज्या महिन्यात सगळे "बंद करा" म्हणत होते. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा वर सांगितलेली वर्षभराची रोकड बाजूला असते. नाहीतर हप्ता आधी बंद पडतो.

शरीअत फंड वेगळे कसे हलतात

टाटा एथिकल फंड १९९६ पासून आहे, टॉरस एथिकल फंड २००९ पासून. निफ्टी ५० शरीअत निर्देशांकावर चालणारा ईटीएफही आहे. यांत दारू, तंबाखू, जुगार, डुकराचं मांस यांच्या कंपन्या नसतात, बँका आणि वित्त कंपन्या नसतात. कंपनीवरचं व्याजी कर्ज ठरावीक मर्यादेत (पद्धतीप्रमाणे साधारण पाव ते एक तृतीयांश) लागतं आणि नाजायज उत्पन्न फार तर पाच टक्के. तेवढा वाटा हिशेब करून सदका करावा, असं आलिम सांगतात. कोणता फंड घ्या हे सांगायला हा लेख नाही; ते आपल्या मुफ्तींना आणि सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराला विचारा.

इथे सांगायचंय ते वेगळं. नेहमीच्या निफ्टीत वित्त क्षेत्राचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असतो. तो काढला की उरलेल्यात आयटी, औषधं, रोजच्या वापराच्या वस्तू यांचं वजन वाढतं. म्हणून बँकांवर संकट येतं तेव्हा शरीअत फंडाला तो थेट फटका बसत नाही. पण आयटीची कमाई अमेरिकेतून येते. एप्रिल २०२५ च्या त्या दिवसांत आयटी शेअर्सना जबर मार बसला. तुमच्या फंडात आयटी भरपूर आणि मुलगाही पुण्यात अमेरिकी कंपनीसाठी आयटीत, तर घराचा भार पुन्हा एका बाजूला झुकला. "हलाल" या शब्दाने धोका कमी होत नाही. शंभर टक्के शेअर असलेला फंड पडतो तेव्हा पडतोच.

सोनं

आपल्याकडे सोन्याला समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तोळ्याने, म्हणजे १० ग्रॅमने, लाखाचा आकडा गाठला आणि सगळे तज्ज्ञ झाले. पण सोनंही पडतं. जगाच्या बाजारात २०११ मध्ये औंसाला १,९०० डॉलरपर्यंत गेलेलं सोनं २०१५ च्या शेवटी १,०५० च्या आसपास आलं आणि जुनी उंची २०२० मध्ये परत मिळाली. रुपया पडल्यामुळे इथे ते कमी जाणवलं इतकंच.

दागिना ही गुंतवणूक म्हणून महाग पडते. घडणावळ विकताना मिळत नाही, वर ३ टक्के जीएसटी. नाणं किंवा वळं बरं. सार्वभौम सुवर्णरोख्यांवर अडीच टक्के व्याज मिळतं, त्यामुळे त्यावर आक्षेप आहे. सोन्याचा व्यवहार हातोहात असावा, ही शर्त बहुतेक आलिमांच्या मते हप्त्यावरच्या खरेदीत आणि सराफाच्या काही महिनेवारी योजनांत तुटते. घेण्याआधी विचारा.

भीतीच्या काळात येणारी माणसं

बाजार डळमळतो, एफडी नको असते, आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी मशिदीबाहेर किंवा नात्यातल्या लग्नात भेटतो: "महिन्याला अडीच-तीन टक्के, हलाल नफा, सगळं शरीअतप्रमाणे." बेंगळुरूची आयएमए २००६ च्या सुमारास अशीच सुरू झाली आणि जून २०१९ मध्ये कोसळली. हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे अडकले, त्यांत विधवांचे, निवृत्तांचे, मुलींच्या लग्नाचे. फतवे आणि दाढीवाल्यांचे फोटो तिथेही होते.

ओळखायची खूण दीनच देतो. मुदारबा किंवा मुशारकात नफ्याचं प्रमाण ठरवता येतं, रक्कम ठरवता येत नाही, आणि तोट्याची शक्यता असतेच. ज्याला कधीच तोटा होत नाही आणि दर महिन्याला तोच आकडा येतो, ते व्याज तरी आहे किंवा फसवणूक तरी. सेबीची किंवा रिझर्व्ह बँकेची नोंदणी विचारा. "आपल्याच माणसावर शक?" असं उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या.

दुसरी माणसं टेलिग्रामवर असतात. युद्धाच्या बातमीवर ऑप्शन घ्या, दोन तासांत दुप्पट. सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, मिळून १ लाख ८१ हजार कोटी रुपये. हे जायज आहे की जुवा, हा मसला सोडवायच्या आधी हा आकडा पुरेसा आहे.

कागद आणि जकात

परदेशी नोकरीला गेल्यावर जुनं बचत खातं एनआरओ करावं लागतं, डिमॅट आणि फंडाच्या नोंदीतही अनिवासी म्हणून बदल करावा लागतो. पुष्कळ जण हे वर्षानुवर्षं करत नाहीत आणि नेमके घाईत पैसे काढायच्या वेळी केवायसी अडते. अनिवासी भारतीयाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येऊ शकते. गावात "भावाच्या नावावर" घेतलेल्या जमिनींची भांडणं कोर्टात किती चाललीत, ते आपल्याला माहीतच आहे. प्रत्येक खात्याला नॉमिनी लावा आणि यादी घरात कागदावर लिहून ठेवा.

जकातीचा हिशेब पडत्या बाजारात सोपा होतो आणि लोक उगाच अवघड करतात. तुमची जकातीची तारीख आली त्या दिवसाचा भाव धरायचा. मागच्या वर्षीचा चढा भाव नाही, पुढे वाढेल म्हणून अंदाजही नाही. निसाब सोन्याने ८७.४८ ग्रॅम, चांदीने ६१२.३६ ग्रॅम. विकण्यासाठी घेतलेले शेअर असतील तर त्या दिवसाच्या पूर्ण किमतीवर अडीच टक्के. वर्षानुवर्षं ठेवण्यासाठी घेतले असतील तर कंपनीकडच्या रोकड, माल अशा जकातयोग्य हिश्श्यापुरती, असं अनेक आलिम म्हणतात. फंडाबाबतही मतं वेगवेगळी आहेत, म्हणून एकदा विचारून त्याच पद्धतीने दरवर्षी करा. अडीअडचणीसाठी ठेवलेली बारा महिन्यांची रोकडही यात धरायची. ४ लाख २० हजारांवर ती १०,५०० होते, आणि ती शेअर पडक्या भावात विकून नव्हे, त्या रोकडीतूनच द्यावी.